६२७ विरुद्ध १००१ : तक्त्यात वजनही हवे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत मॅकलारेन एफ-वन आणि बुगाटी वेरॉन या दोन अतिवेगवान गाड्यांची तुलना वाचली. तक्त्यात फक्त अश्वशक्ती आणि कमाल वेग, आणि निष्कर्ष असा की वेरॉनच्या १००१ अश्वशक्तीपुढे मॅकलारेनच्या ६२७ चा टिकाव लागणे शक्य नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षे मी गिअरबॉक्सची जुळणी केली. हे वाचून गप्प बसवले नाही.

आधी वजन घ्या. मॅकलारेन ११३८ किलो, वेरॉन १८८८. भागाकार केला की मॅकलारेनला टनामागे ५५१ अश्वशक्ती येते, वेरॉनला ५३०. म्हणजे १९९० च्या दशकातली, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेली गाडी इथे पुढेच आहे!

तरी वेरॉन अडीच सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठते आणि मॅकलारेनला ९७ पर्यंतच ३.२ सेकंद लागतात. कारण मॅकलारेनची सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर जाते. टायरची पकड त्यावरच्या भारावर ठरते. गाडी हलकी केली की पकडही तितकीच घटते, त्यामुळे सुटताना हलकेपणा कामी येत नाही. पावसाळ्यात आमच्या कारखान्यामागच्या चिखलात रिकाम्या टेम्पोचे मागचे चाक जागच्या जागी फिरायचे. हौद्यात चार गिअरबॉक्स ठेवले की तोच टेम्पो निघायचा. वेरॉनमध्ये चारही चाके ओढतात, म्हणून गाडीचा सगळा भार पकडीच्या कामी येतो. शिवाय तिच्या सात गिअरच्या पेटीत दोन क्लच आहेत. पुढचा गिअर आधीच गुंतलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो आणि ओढ तुटत नाही. मॅकलारेनमध्ये चालकाने क्लच दाबून हाताने गिअर टाकायचा, आणि तेवढा वेळ इंजिनची ओढ चाकांना मिळत नाही. माझे सगळे आयुष्य ज्या पेटीत गेले, तिचा आपल्या लेखात साधा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटले.

राहिला कमाल वेग. मॅकलारेनने १९९८ मध्ये जर्मनीतल्या एहरा-लेसिन ट्रॅकवर ताशी ३८६.४ किलोमीटर गाठले, वेरॉनने २००५ मध्ये त्याच ट्रॅकवर ४०७ च्या पुढे मजल मारली. ताकद १.६ पट, वेगातली वाढ जेमतेम पाच-सहा टक्के. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. पण त्या हिशेबानेही सतरा टक्के वाढ मिळायला हवी होती. वेरॉन जवळजवळ दोन मीटर रुंद, त्यात तिच्या दहा रेडिएटरना थंड हवा पुरवावी लागते. बरीच ताकद तिथेच खर्ची पडते.

पुढच्या तक्त्यात वजन, ताकद कोणत्या चाकांना जाते आणि गिअरबॉक्सचा प्रकार, एवढे तीन रकाने वाढवावेत, ही विनंती. माझा नातू ऑटोमोबाईल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपले हे तक्ते तो कापून वहीत चिकटवतो.

– एक निवृत्त फिटर, चिंचवड