गजाननास पत्र : लेकीला शेंगदाणा द्यायचा का?

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गजा,

वहिनींनी सहा महिन्यांच्या लेकीला ॲलर्जी होईल या धाकानं घरातून शेंगदाणाच हद्दपार केला, हे ऐकून आई म्हणाली, "बाप भाजल्या शेंगा खाऊन वाढला अन् पोरीले दाणा वर्ज्य?" पण तुझा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

परकी वस्तू अंगात शिरली की शरीर तुटून पडतं, हे आपण शाळेत घोकलं. मग रोजची भाकर, वरण, ठेचा हेही परकंच की! तिथं शरीर दुर्लक्ष करत नाही गड्या, स्वतःला आवरतं. त्यासाठी नियामक टी पेशी, म्हणजे बाकीच्यांना आवरणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, असतात. पोटात गेलेल्या अन्नाची ओळख पटली की आतड्याच्या आसपास अशा पेशी तयार होतात आणि लढाऊ पेशींना हात आवरायला लावतात. लढाऊ पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-2 नावाचं प्रथिन लागतं, ते याच शोषून घेतात. हा त्यांचा एक डाव: मारामारी नाही, रसद तोडायची!

चैत्रात आमच्या लाल गाईला जुळं झालं, गोऱ्हा अन् कालवड. ढोराचे डॉक्टर म्हणाले, कालवडीचा भरवसा धरू नका. गोऱ्ह्यासोबत जन्मलेल्या दहांतल्या नऊ तरी वांझ निघतात, कारण गाईच्या पोटात दोघांचं रक्त मिसळतं. मी कोठ्यात उभा राहून त्या पिलाकडे बघतच राहिलो. ढुशा मारत दूध पिणं चाललं होतं तिचं. अशाच जुळ्यांचं रक्त रे ओवेन यांनी अमेरिकेत तपासलं. 1945 साली त्यांनी दाखवून दिलं, की भावंडाच्या रक्तपेशी मोठेपणीही अंगात नांदतात, शरीर त्यांना हाकलत नाही. लवकर भेटलेलं परकं खपतं, या विचाराची सुरुवात तिथून झाली.

शरीर स्वतःवर उलटत नाही, याचं सगळं श्रेय मात्र नियामक पेशींना देऊ नको. स्वतःवरच उलटणाऱ्या बऱ्याच पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीतच मरतात. पण काही निसटतात. जपानच्या शिमोन साकागुचींनी तीन दिवसांच्या उंदरांची थायमस काढलेली पाहिली. त्यांचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटायचं. निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या, की ते टळायचं. आवरणाऱ्या पेशींची कल्पना तेव्हा शास्त्रज्ञांनी जवळपास मोडीत काढली होती, तरी हा माणूस चिकटून राहिला. 1995 ला त्यानं त्या पेशी ओळखून दाखवल्या, 2025 ला नोबेल मिळालं, मेरी ब्रन्को अन् फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत.

आता तुझा दाणा. 2015 साली लंडनच्या डॉक्टरांनी ॲलर्जीचा जास्त धोका असलेल्या 640 तान्ह्यांचा अभ्यास मांडला. ज्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेवलं, त्यांतल्या सुमारे 17 टक्के पोरांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. ज्यांनी लहानपणापासून खाल्ला, त्यांत 3 टक्के. लपवण्यानंच घोळ होतो बघ.

अख्खा दाणा मात्र देऊ नको, घशात अडकतो. अगदी बारीक वाटून पातळ पेजेत कालव. अंगावर इसब असेल किंवा अंड्यानं पुरळ उठलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. उन्हाळी भुईमूग निघालाय, पायलीभर शेंगा एसटीनं पाठवतो. पोरीच्या नावावर तूच फस्त करू नको म्हणजे झालं.

तुझा,
विनोद