बोन ग्राफ्टनंतरचे मधले महिने कुणी सांगतच नाही

मा. संपादक,

हल्ली प्रत्येक चौकात डेंटल इम्प्लांटचे बोर्ड लागलेत, पेपरातून पत्रकं पण पडतात, तीन दिवसात फिक्स दात वगैरे. इम्प्लांट चांगलीच गोष्ट आहे, त्यात वाद नाही, स्वीडनच्या ब्रोनमार्क यांनी 1965 साली पहिल्या पेशंटच्या जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवले तेव्हापासून जगभर लाखो लोक त्यावर चावून खातायत. पण त्या बोर्डावर बोन ग्राफ्ट, म्हणजे जबड्यात हाड भरणं, हा शब्द कधी दिसतो का? दात पडून बरीच वर्षं झालेल्या माणसाला बऱ्याचदा आधी तेच करावं लागतं.

दात काढला की तिथलं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात त्याची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यातच होते. वरच्या दाढांच्या जागी तर नाकाशेजारची सायनसची पोकळी पण खाली सरकते, मग स्क्रू पकडणार कशात? म्हणून हाड भरायचं, आणि ते पक्कं व्हायला बहुतेक वेळा चार ते सहा महिने, कधी जास्तच.

आमच्या वहिनींचं सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसचा तळ उचलून खाली हाड भरायचं ऑपरेशन, झालं तेव्हा हे मधले महिने म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना कळलं. सुरुवातीला गाल सुजला, डोळ्याखाली काळंनिळं, ते अपेक्षितच होतं. पण नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, आणि ग्राफ्टवर दाब नको म्हणून जुनी कवळी पण काही आठवडे घालायची नाही! त्यात घरात लग्न होतं, सगळे फोटो तोंडावर पदर धरूनच निघाले, भाकरी दुधात कुस्करून खायची ती वेगळीच. डॉक्टरांनी काम चांगलं केलं हो, तक्रार कामाची नाहीये, पण हे आधी सांगितलं असतं तर वहिनींनी तारीखच पुढची घेतली असती.

अभ्यासक हे सगळं मोजतात पण, त्यासाठी ओएचआयपी नावाची 14 प्रश्नांची यादी आहे, बोलताना अडतं का, चव गेली का, जेवण अर्धवट सोडावं लागतं का, चारचौघात लाज वाटते का, असे प्रश्न. शून्य ते 56 मार्क, जितके जास्त तितका त्रास. साधारण चित्र असं की ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसात आकडा वर जातो, मग उतरतो, आणि खरा फायदा दिसतो तो शेवटी दात बसल्यावर. म्हणजे शेवट बहुतेकांचा गोडच, पण पेशंट सही करतो ती फक्त शेवट ऐकून.

हाड कुठून घेणार यावरही बरंच अवलंबून असतं. स्वतःच्या हनुवटीतून घेतलं तर काहींना हनुवटी किंवा खालचे पुढचे दात बरेच दिवस बधिर राहतात, कमरेच्या हाडातून घेतलं तर चालायला त्रास. म्हणून हाडाच्या जागी भरायची बाटलीतली तयार पावडर वापरतात, ते सोयीचं आहे. पण ही पावडर पुष्कळदा गाईबैलांच्या हाडापासून बनवलेली असते आणि ग्राफ्ट झाकायला वर घालतात तो पडदा डुकराच्या कोलॅजनचा असू शकतो, हे गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला, जैन किंवा मुसलमान पेशंटला कोण सांगतं? काही नाही, पावडर असते, एवढंच उत्तर मिळतं. अहो, कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचा पर्याय असतो, सगळीकडे चालेलच असं नाही पण विचारा तरी माणसाला! घरच्यांना नंतर कळलं तर तो मनस्ताप कुठल्या 14 प्रश्नात बसवणार?

आणि ग्राफ्ट प्रत्येकाला लागतोच असंही नाही. हाड थोडं कमी असेल तर आखूड इम्प्लांट निघालेत. खाली एकही दात नसेल तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट घालून त्यावर कवळी अडकवता येते, तिथे बहुतेकांचं हाड पुरेसं उरलेलं असतं, 2002 साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय धरावा म्हटलं होतं. खर्चही कमी, आणि आपल्याकडे अपघात सोडला तर साध्या मेडिक्लेममध्ये दातांचं सहसा काही मिळत नाही, सगळं खिशातूनच, म्हणून हे महत्त्वाचं.

माझी मागणी एवढीच की महाराष्ट्र राज्य दंत परिषदेने ग्राफ्टसाठी मराठीत एक पानाचं संमतीपत्र ठरवून द्यावं, त्यात पावडर कशाची, कवळी किती दिवस बंद, एकूण महिने किती, ग्राफ्टशिवाय काय करता येईल हे लिहिलेलं असावं, आणि तंबाखू, शुगर, हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती इंजेक्शनं याबद्दलचे प्रश्न पण त्यातच असावेत, कारण पेशंट हे आपणहून सांगत नाही. आणि तो कागद पेशंटला ऑपरेशनच्या खुर्चीत बसल्यावर सहीला देऊ नका, आधी घरी न्यायला द्या.

आपला,
एक वाचक, सातारा