लोकल बंद पडली, मुलं कुणी न्यायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसात लोकल बंद पडल्या की अडकलेल्या प्रवाशांच्या बातम्या येतात. त्यांची धाकटी मुलं तेव्हा आमच्याकडे असतात. मी बदलापूर पश्चिमेला घरीच पाळणाघर चालवते. आई फोर्टात, बाबा अंधेरीला, आजी-आजोबा गावी, अशीच बहुतेक घरं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, फोन मुके झाले आणि मुलं रात्रभर माझ्याकडेच राहिली. तेव्हापासून प्रवेश देतानाच मी विचारते, तुमच्याशिवाय मूल न्यायला चालत कोण येईल? हमखास उत्तर येतं, मालाडची मावशी. अहो, तुमची लोकल बंद असताना मावशीची चालू असेल का? मला शेजारचं माणूस हवं. त्याचा फोटो आणि पालकांची सही हवी. 'ओळखीचे आहेत, द्या त्यांच्याकडे' असं ऐन वेळी फोनवर सांगितलं तर मी मूल देत नाही. लोक चिडतात, चिडू देत.

नंबर कागदावर लिहून द्यावेत, मोबाइलची बॅटरी संपतेच. दम्याच्या मुलाचा जादा पंप आणि किती वेळा द्यायचा ते डॉक्टरांच्या अक्षरात. तान्ह्यांची दुधाची पावडर जूनमध्येच आणून ठेवावी.

उल्हास नदीची इथली इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. मी धोक्याची वाट बघत नाही. इशाऱ्यालाच तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे मुलं हलवते, रांगणारी आधी. काकूंना हे मे महिन्यातच विचारून ठेवलेलं असतं.

नगरपरिषदेला एक विनंती. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेव्हा गाडीत माणसं आहेत हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. तळमजल्यावरचं पाळणाघर मात्र बाहेरून साधा फ्लॅटच दिसतो. बोटीतून आलेल्या जवानाला आत डझनभर पोरं आहेत हे कसं कळावं? पावसाळ्याआधी नदीकाठच्या घरगुती पाळणाघरांची नोंद करा, मुलांच्या वयांसकट.

आणि कंपन्यांनी रेड अलर्टच्या दिवशी लहान मुलांच्या आईवडिलांना दुपारीच सोडावं. साडेपाचला 'आज लवकर निघा' म्हणून काय उपयोग? तोवर अंबरनाथच्या पुढे गाडी येत नसते.

आपली,
एक पाळणाघरचालक,
बदलापूर (प.)