मिरजेच्या चाचांना, खर्जाच्या तारेबद्दल

चाचा, सलाम.

फोनवर लांबलचक काही वाचायला तुम्हाला आवडत नाही, म्हणून हे पत्र तुमचा पुतण्याच तुम्हाला वाचून दाखवेल. मी ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते गिटार वाजवणाऱ्या चार पोरांनाही कळायला हवं.

गेल्या पावसाळ्यात भिजलेली काळी पिशवी खांद्याला लावून सांगलीहून मी तुमच्या तंतुवाद्यांच्या दुकानात आलो होतो. तुम्ही एका तानपुऱ्याच्या दांडीला लाखेचा हात देत होतात. पिशवीतून गिटार काढल्यावर तुम्ही पहिल्यांदा तिच्या मानेवर वीत टाकलीत आणि म्हणालात, "ही लांब आहे. मुद्दाम केलीय ना?" त्याआधी दोन दुकानांत मला सांगितलं होतं, की हिच्यात खोट आहे, विकून टाक. लांबी मुद्दाम ठेवलेली आहे, हे ओळखणारे तुम्ही पहिले.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ही बॅरिटोन गिटार. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत (अंगावर तारा जिच्यावर टेकतात ती) तार साधारण २५.५ इंच असते, बॅरिटोनवर २७ ते ३० इंच. सूर लावायचे ते, पाश्चात्त्य नावांनी, बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी. म्हणजे नेहमीच्या गिटारपेक्षा पाच अर्धे सूर खाली. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवरून ६२ वर उतरते. काही जण आणखी एक सूर उतरून ए पर्यंत जातात. बास गिटार मात्र याहून खाली, ४१ हर्ट्झपासून सुरू होते. बॅरिटोन या दोघींच्या मधली.

माझी आली ती जुनी, पार्सलमधून, नट चिरलेल्या अवस्थेत. पहिल्या दुकानात तिला साध्या गिटारच्याच तारा चढवल्या. बी लावला की जाड तार ढिली पडायची, मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटायची, बोट जरा जोरात टेकलं की सूर चढायचा. तुम्ही ती तार अंगठ्याच्या नखाने छेडलीत, गिटारच्या लाकडाला कान लावलात आणि डोळे मिटून म्हणालात, "ही जवारी नाही. ही खरखर आहे."

त्या एका वाक्यासाठीच खरं तर हे पत्र. जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या सुराची गुंजणारी झणकार, ती घोडीवर जन्मते. घोडीच्या पाठीला दिलेल्या उतारावर तार हलकेच घासत राहते, तानपुऱ्याला खाली सूत सरकवून ती जागा नेमकी धरायची, आणि मग सूर खुलतो. माझ्या गिटारची खरखर पडद्यावर होत होती, कारण तारेत जीवच नव्हता. आवाज ऐकून तो कुठून येतोय हे ओळखायचं, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

मग तुम्ही भिंतीला टेकलेला मर्दानी तानपुरा पुढे ओढलात आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, वाजवलात. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) लावलेला तो खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि त्यासाठी तुम्ही जवळजवळ मीटरभर तार ताणता. माझी बॅरिटोन त्याच्याही खाली जाते, लांबी मात्र २७ इंच. "मग तार जाड नको का घालायला?" तुम्ही विचारलंत. घरी जाऊन मी आकडे मांडले. ०.०४६ इंच जाडीच्या तारेवर साध्या गिटारच्या ई ला ८ किलोचा ताण असतो. तीच तार २७ इंचांवर बी ला लावली की ताण ५ किलोवर येतो. म्हणून बॅरिटोनला ०.०१३ ते ०.०६२ असा वेगळा संच लागतो. तुम्हाला आकडे लागलेच नाहीत.

आठवड्याने नवा संच घेऊन आलो तेव्हा तुम्ही हाडाची पट्टी कापून ठेवली होती. नटची ती खाच मला अजून डोळ्यांसमोर दिसते. कानसीचे तीन-चार हात, फुंकर, तार बसवून खुंटी पिळायची, 'टक्' असा आवाज आला की तार अडकतेय, पुन्हा कानस. तार खाचेत निम्मी बुडली पाहिजे, निम्मी वर दिसली पाहिजे. खाचेला उतार खुंट्यांच्या बाजूला. "उतार उलटा झाला तर इथंच जवारी लागेल," असं म्हणत तुम्ही हसलात. सहा खाचांना पाऊण तास लागला आणि तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं थांबून होती. त्यांचेही आभार.

तरी बाराव्या पडद्यावर जाड तार चढीच बोलत होती. जाड तार ताठ असते, तिला थोडी जास्त लांबी द्यावी लागते. पण घोडीचा स्क्रू संपला होता. तुम्ही म्हणालात, "आमच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, ते सरकवतो. तुमचे ठोकलेले. मग घोडीच सरकवायची." आणि घोडीमागची स्प्रिंग काढून टाकलीत. तेवढ्या जागेने काम झालं.

चहा पिताना मी तुम्हाला अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रोबद्दल सांगत होतो. त्या कंपनीने १९५६ मध्ये सहा तारांचा बास काढला, साध्या गिटारच्या बरोबर एक सप्तक खाली लागणारा. नॅशव्हिलच्या स्टुडिओत तो तळहाताने दाबून, बासच्या जोडीने वाजवायचे, म्हणजे प्रत्येक सुराला टोक यायचं. १९६१ मध्ये फेंडर कंपनीने तसलीच बास सिक्स काढली. तुम्ही ऐकून घेतलंत, पण खरे सरसावलात ते इलेक्ट्रिक सतारीचं चित्र पाहून. कोरल नावाने १९६७ मध्ये आलेली ती गिटार. रुंद उताराची घोडी आणि वर तेरा तरफा, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या तारा. तुम्ही फोनवर ते चित्र मोठं करून फक्त घोडी बघत राहिलात. ज्या गल्लीत दीडशे वर्षांहून जास्त काळ सतारी घडतायत, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे बसून मी ते बघत होतो.

निघताना तुम्ही म्हणालात, भजनाला वाजवणार असशील तर सा-प धरून लाव. माझी बहीण काळी पाचमध्ये गाते. मी सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या, मग सगळ्यात जाड तारेनंतरच्या तीन एकेक सूर चढवल्या. खालून वर सा, प, सा, म, प, सा. या गिटारवर सहाही तारांचे भरगच्च कॉर्ड वाजवले की खालचे सूर एकमेकांत कालवून जातात. दोन-तीन तारा वाजवायच्या आणि सोडून द्यायच्या. मग खालचा सा बराच वेळ बोलत राहतो, त्याला पितळी धार असते, आणि बहिणीचा आवाज त्याच्या वर मोकळा राहतो. आषाढी एकादशीला आमच्या घरी आम्ही असं वाजवलं. आईने मध्येच विचारलं, "तानपुरा कुणी आणलाय?"

तुम्ही माझ्याकडून हाडाच्या पट्टीचेच पैसे घेतलेत. मजुरीचं विचारलं तर "गिटारचा दर मला माहीत नाही" म्हणालात. तो हिशेब माझ्याकडे बाकी आहे. बहिणीला स्वतःचा जनानी तानपुरा हवाय, आणि भोपळा तुम्ही निवडावा अशी तिची इच्छा आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतोय. गिटारही आणतो, तुम्ही ती लावल्यापासून अजून ऐकलेली नाही.

तुमचा,
सांगलीचा लांब गिटारवाला