परीक्षा धाकट्याची, गुणपत्रिका थोरल्याची

माननीय केंद्रीय क्रीडामंत्री यांस,

सविनय नमस्कार.

आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी सांघिक खेळांची पथके ठरवताना आशियातील पहिल्या आठांत असण्याचा जो निकष लावला जातो, तो पुरुष फुटबॉलच्या बाबतीत चुकीच्या संघाला लावला जातो, याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. २००२च्या बुसान स्पर्धेपासून येथे सर्वसाधारणपणे २३ वर्षांखालील संघ खेळतात आणि त्याहून मोठ्या वयाचे तीनच खेळाडू घेता येतात. क्रमवारी मात्र पाहिली जाते ती वरिष्ठ संघाची. परीक्षेला धाकटा बसणार आणि गुणपत्रिका थोरल्याची तपासणार, असा हा प्रकार आहे.

२०१८मध्ये याच क्रमवारीच्या कारणावरून आपला संघ जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला गेला नाही. त्याच शहरात १९६२मध्ये प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले होते. जुन्या पदकाच्या पुण्याईवर आज प्रवेश मागावा, असे मी म्हणणार नाही.

२०२३मध्ये चीनमधील हांगझोउच्या स्पर्धेसाठी मंत्रालयाने निकष शिथिल केला, याबद्दल आभारच मानायला हवेत. पण ती परवानगी स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना, जुलैअखेरीस मिळाली. आशियाई स्पर्धा फिफाने राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या तारखांत येत नसल्याने क्लबांवर खेळाडू सोडण्याचे बंधन नसते, आणि आपल्या क्लबांच्या इंडियन सुपर लीगचा हंगाम नेमका त्याच आठवड्यात सुरू होत होता. परिणामी संघ अखेरपर्यंत जुळवाजुळव करूनच उभा राहिला, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये पोहोचला आणि १९ सप्टेंबरला यजमानांसमोर उतरला. राहुल के. पी.च्या गोलमुळे मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात आपल्यावर चार गोल झाले. त्या चार गोलांत प्रतिस्पर्ध्याचे कौशल्य किती आणि आपला थकवा किती, हे ज्याने सामना पाहिला त्याला सांगावे लागत नाही. तरीही बांगलादेशला हरवून आणि म्यानमारशी बरोबरी साधून हा संघ बाद फेरीत गेला व तेथे सौदी अरेबियाकडून ०-२ असा हरला.

माझी विनंती सवलतीची नाही. २३ वर्षांखालील संघाला त्याच वयोगटाच्या पात्रता सामन्यांतील कामगिरीवरून जोखावे. त्या वयोगटाच्या आशियाई चषकासाठी आपण आजवर एकदाही पात्र ठरलेलो नाही, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे कदाचित या कसोटीवरही उत्तर ‘नाही’ असेच येईल. तसे आले तर ते मान्य करावे लागेल, कारण ते निदान ज्याचे त्याला मिळालेले उत्तर असेल. मात्र हो असो वा नाही, निर्णय स्पर्धेच्या किमान एक वर्ष आधी जाहीर व्हावा, आणि तो होकारार्थी असल्यास लीगचे वेळापत्रक ठरण्यापूर्वीच महासंघ व क्लब यांच्याकडून खेळाडू सोडण्याची लेखी हमी मंत्रालयाने घ्यावी.

आपला नम्र,
एक फुटबॉलप्रेमी नागरिक