पादचारी रस्त्यांना कायद्याचा पक्का आधार हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादा रस्ता फक्त पादचाऱ्यांसाठी झाला की त्याची छायाचित्रे छापून येतात. तो कोणत्या कायद्याखाली वाहनांना बंद केला, हे मात्र बातमीत क्वचितच सापडते. मी व्हीलचेअर वापरते, म्हणून माझी नजर आधी तिकडेच जाते. रस्त्याच्या तोंडाशी नुसती बॅरिकेड उभी केली, तर मधल्या फटीतून दुचाकी सहज आत जाते, माझी खुर्ची अडते.

वाहतूक नियंत्रणाचा आदेश निघाला की रस्ता बंद होतो आणि तो मागे घेतला की पुन्हा खुला होतो. रस्त्याचा कायदेशीर दर्जाच बदलणे ही वेगळी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यातील कलम २४९ नुसार त्या रस्त्यावरून वाहन नेण्याचा हक्कच संपवता येतो. कोणती वाहने, कोणत्या व्यक्तींना आणि कोणत्या वेळी आत येऊ द्यायची, हेही त्याच आदेशात लिहिता येते. त्या रस्त्यावरून ज्यांच्या मिळकतीला कायदेशीर प्रवेश होता, त्यांना मिळकतीची किंमत घटल्यास कलम २५० खाली भरपाई मागता येते. मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते. नुकसानीचा दावा ऐकून घेण्याची सोय कायद्यातच असली, तर दुकानदारांचा विरोध दडपावा लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या पादचारी मॉल (म्हणजे वाहनांना बंद केलेला बाजाराचा रस्ता) कायद्यातही आधी हेतू जाहीर करणे, मग सुनावणी आणि नुकसानीचे दावे, असा क्रम आहे. यात वेळ जातो. जाऊ द्यावा.

तात्पुरता आदेश निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. कोपनहेगनचा स्ट्रॉगेट रस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रयोग म्हणूनच बंद झाला आणि १९६४ मध्ये कायमचा पादचाऱ्यांचा झाला. प्रयोगाची मुदत संपली की निर्णय घ्यावाच लागेल, असे बंधन मात्र कायद्यात हवे. पुढे एखाद्या शहराला रस्ता परत वाहनांना द्यावासा वाटू शकतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरातला फुल्टन मॉल हा असाच पादचारी रस्ता १९६४ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा गाड्या आल्या. अशा वेळीही रस्ता बंद करताना जेवढी जाहीर सुनावणी झाली, तेवढीच तो उघडताना व्हावी.

आता सवलतींबद्दल, कारण माझा रोजचा संबंध त्यांच्याशी येतो. ऑस्ट्रियाच्या रस्ते वाहतूक कायद्यात पादचारी क्षेत्रासाठी ७६अ हे स्वतंत्र कलम आहे. माल चढवण्या-उतरवण्याच्या वेळा आदेशाने ठरवता येतात, सायकलींनाही आदेशात परवानगी असेल तरच प्रवेश मिळतो आणि आत आलेल्या वाहनाने चालणाऱ्या माणसाच्याच वेगाने जायचे असते. जर्मनीतला नियम तर पादचाऱ्याला अडथळा होऊ देऊ नका, गरज पडल्यास थांबा, असे चालकालाच बजावतो. जबाबदारी अशी चालकावर टाकली, तरच लहान मूल किंवा अंध व्यक्ती तिथे निर्धास्त चालेल.

याच कलमांत अपंग व्यक्तीच्या वाहनाचाही स्पष्ट उल्लेख असायला हवा. स्ट्रॉगेट एक किलोमीटरहून लांब आहे. एवढे अंतर ज्याला कापता येत नाही, त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत गाडी लागतेच. आदेशात ते लिहिलेले नसले, की प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या मर्जीवर सगळे येते. मी तिथे विनवण्या केल्या आहेत. ज्या रस्त्यावर मला सर्वांत मोकळेपणाने फिरता यायला हवे, तिथेच शिरण्यासाठी हात जोडावे लागतात, याचा मला राग येतो.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे अशा रस्त्याची बातमी देताना आदेश कोणत्या कलमाखाली निघाला, त्याची मुदत किती आणि सवलत कोणाला, एवढे तरी छापावे. हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख दिलीत, तर आमच्यासारख्यांना आपले म्हणणे वेळेत लिहून देता येईल.

आपली,
एक नियमित वाचक