'वर्षातून एकदाच' किती वेळा?

परवा घरासमोरून डीजेची मिरवणूक गेली तेव्हा फडताळातली भांडी थरथरत होती आणि आई छातीवर हात ठेवून बसली होती. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नळस्टॉप चौकात सिग्नल सुटायच्या आधीच वाजणारे हॉर्न ऐकले की ही थट्टाच वाटते. आवाजाने नुसते कानच जात नाहीत. झोपेतही शरीर दचकते, ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तदाब चढतो. डीजेवाल्यांना सांगायला गेलो तर 'वर्षातून एकदाच तर असतं, काका!' (असे 'एकदाच' मोजणे मी सोडून दिले आहे.) पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता आवाज मोजायचे यंत्र घेऊन मिरवणुकीबरोबरच चालावे.

– एक वाचक, एरंडवणे, पुणे